बावन्न आठवड्यांचे बावन्न शब्द

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारले की, शब्द दुसऱ्याने द्यायचा आणि फोटो तू काढायचा, ही कसली हौस, आणि त्यात बक्षीस तरी काय मिळते? त्याच वेळी तिकडे कुकरची शिट्टी झाली, दादाने फोन घेतला आणि उत्तर राहून गेले. तसेही ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते. म्हणून आज सकाळी कॅमेरा कपाटात ठेवून लिहायला बसले आहे. सोबत पाच बाय सातचे काही फोटो पाठवत आहे. प्रत्येकाच्या मागे, बाबा लिहीत तसाच, पेन्सिलीने आठवड्याचा क्रमांक आणि शब्द लिहिला आहे. पत्र वाचताना ते शेजारी ठेवा.

आधी नियम सांगते, कारण बाबांना नियमाशिवाय पुढचे काही पटत नाही. आमच्या गटात बावीस जण आहेत. त्यांत दोन निवृत्त शिक्षक आहेत, एक भूलतज्ज्ञ आहेत, एक मुलगा इतवारीत वडिलांच्या किराणा दुकानात बसतो आणि बाकीचे माझ्यासारखे नोकरदार आहेत. जानेवारीपासून दर सोमवारी सकाळी आमच्यापैकी एक जण पाळीपाळीने एक शब्द देतो आणि रविवारी रात्री दहाच्या आत प्रत्येकाने त्या शब्दावर एकच फोटो द्यायचा असतो. तो फोटो त्याच आठवड्यात काढलेला असला पाहिजे, जुन्या साठ्यातला चालत नाही, आणि दोन आवडले असले तरी एक टाकून द्यावाच लागतो. बक्षीस नाही, क्रमांकही नाहीत. असे बावन्न आठवडे चालायचे आहे. सध्या आमचा चव्वेचाळिसावा आठवडा सुरू आहे आणि मी आतापर्यंत दोन चुकवले आहेत, त्यांतला एक तापामुळे आणि दुसरा निव्वळ आळसामुळे.

बाबांचा आक्षेप मात्र नियमांवर नव्हता. ज्याला पाहता येते त्याला दुसऱ्याचा शब्द कशाला हवा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पहिले दोन महिने माझेही तेच मत होते. मला वाटे की आपल्याला जे आवडते ते टिपावे, शब्दाला बांधून घेणे म्हणजे शाळेतला निबंध झाला. परंतु माझ्या फोनमधले मागच्या तीन वर्षांचे फोटो एकदा सलग पाहिले, तेव्हा लक्षात आले की जे आवडते तेच आणि तसेच मी पुन्हा पुन्हा टिपत आले आहे. पावसाळ्यात भरलेला अंबाझरी, संध्याकाळचा फुटाळा, सेमिनरी हिल्सवरची झाडे, आणि मग पुन्हा अंबाझरी. बाबा, तुमच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० चा रोल घातला की मोजून बारा चौकोनी फोटो निघत आणि तेवढ्यात तुम्ही रामटेकची सहल, दादाची मुंज आणि वर शेजाऱ्यांचे बारसे भागवत होता. तुमचा हात रोलच्या किमतीने आवरला जात होता. माझा हात आवरायला काहीच नव्हते, म्हणून मी तो या शब्दांच्या हवाली केला, असे समजा.

मे महिन्यातला ‘पाणी’ हा शब्द मला या सगळ्याचा अर्थ नीट समजावून गेला. त्या आठवड्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर होता. शब्द मिळताच मनात आले ते फुटाळ्याच्या काठावरचा सूर्यास्त, आणि बुधवारी मी तो काढलाही. रविवारी रात्री गटात फोटो लागले तेव्हा बावीसपैकी नऊ जणांनी तलाव दिले होते, त्यांतले पाच एकट्या फुटाळ्याचे होते आणि चार सूर्यास्त तर असे जुळे दिसत होते की कोणता कोणाचा हे सांगता आले नसते. सुदैवाने त्यांत माझा नव्हता. शनिवारी दुपारी मागच्या खोलीतल्या कूलरच्या टाकीत पाणी भरायला मी अंगणातून फिरून मागे गेले, पंप सुरू केला आणि वाळ्याच्या नव्या ताट्या वरून भिजत येताना पाहत उभी राहिले. पाणी एकदम खाली येत नाही. आधी वरच्या कडेचा वाळा काळसर होतो, मग तो काळेपणा बोटाबोटाने खाली उतरतो, आणि तळाशी जाळीच्या तारेवर थेंब जमून लोंबकळतो, पडू की नको असा विचार केल्यासारखा. पाच वाजता पश्चिमेचे ऊन तिरपे त्या जाळीवर येते. मी शटर १/१००० सेकंदावर ठेवले, अ‍ॅपर्चर शक्य तेवढे उघडले (बाबा, त्याचा आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी, हे उलटे गणित मला अजूनही दरवेळी मनात घोकावे लागते) आणि साठ-सत्तर फोटोंनंतर एक थेंब तारेपासून सुटतानाचा सापडला. सोबतचा एकोणिसाव्या आठवड्याचा फोटो तोच आहे. मागचा वाळा धूसर आहे आणि थेंब तेवढा टोकदार आहे. आई, ज्या ताट्या दर वर्षी अक्षयतृतीयेच्या आत बदलून घेण्यासाठी तू आम्हा सगळ्यांच्या मागे लागायचीस, त्या मी चाळीस वर्षांत एकदाही पाहिल्या नव्हत्या, फक्त त्यांच्या वासात झोपले होते. तो वास फोटोत येत नाही, एवढीच त्याची उणीव आहे.

तेव्हापासून मी स्वतःसाठी एक पोटनियम केला आहे. शब्द मिळाल्यावर जे पहिल्यांदा सुचेल ते काढायचे, परंतु द्यायचे नाही. पहिले सुचलेले सगळ्यांनाच सुचलेले असते.

हा पोटनियम पाळणे सोपे नसते, हे ‘अंतर’ या शब्दाच्या वेळी कळले. नागपुरात राहून अंतर म्हटले की पाय आपोआप झिरो माइलकडे वळतात. तिथले चार घोडे आणि तो दगडी स्तंभ तुम्हाला ठाऊकच आहेत, पण शेजारच्या दगडावर चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे कोरलेली आहेत, ती मी या निमित्ताने प्रथमच वाचली. ‘चांदा’ हे नाव वाचून आजोळची आठवण झाली, कारण आजी शेवटपर्यंत चंद्रपूर म्हणत नसे. तिथे आमच्या गटातले आणखी तिघे त्याच दगडाभोवती घोटाळत होते. आम्ही एकमेकांना पाहून ओशाळलो आणि चौघेही चहा पिऊन परत फिरलो.

त्याच रात्री घरी आल्यावर ओसरीतला झोपाळा दिसला. तुम्ही पुण्याला गेल्यापासून त्यावर कोणी बसत नाही, वर्तमानपत्रांची रद्दी तेवढी ठेवलेली असते. दिव्याचा पिवळा उजेड त्यावर पडला होता आणि मी फोटो काढला. खरे सांगायचे तर तो चांगला आला होता. मी तो दिला नाही. रिकामा झोपाळा दाखवून लोकांना हळहळायला लावणे फार सोपे आहे आणि तुम्ही तर दादाकडे सुखरूप आहात, रोज संध्याकाळी फिरायला जाता, बाबांचा गुडघाही आता वाकतो. जे दुःख नाही ते फोटोसाठी उभे करणे मला बरे वाटले नाही. शेवटी रविवारी सकाळी कामठी रोडवर गड्डीगोदामला गेले. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असे चार मजले एकावर एक आहेत. बाबांनी आयुष्य रेल्वेत काढले, त्यामुळे त्यांच्यासाठी मी मालगाडी येईपर्यंत दीड तास थांबले. फोटोत खाली सायकल ढकलत नेणारा माणूस आहे, त्याच्या डोक्यावर मालगाडीची वाघीण आहे आणि सर्वांत वर मेट्रोची निळसर कड आहे. चारही वाटा हातभर अंतरावर असल्यासारख्या दिसतात, पण एकीवरचा माणूस दुसरीवर जाऊ शकत नाही. बाबा, वाघिणीचा प्रकार ओळखून कळवा, मला तो गटात कोणालाच सांगता आला नाही.

सगळेच आठवडे असे साधत नाहीत. ‘गती’ या शब्दावर बर्डीच्या गर्दीत १/३० सेकंदाला सायकलरिक्षाबरोबर कॅमेरा फिरवत मी शंभरावर फोटो वाया घालवले. ‘पिवळा’ हा शब्द नेमका मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या त्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, आठवड्यात आला. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. दोन्हींची भेट होते ती जागा गाठण्यासाठी मी सकाळपासून इतवारीत ताटकळत होते. गर्दी उसळली, ‘घेऊन जा गे मारबत’ असा गजर झाला, पिवळी मारबत अगदी समोर आली आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुसरी बॅटरी घरी चार्जरलाच लावलेली होती. त्या आठवड्यात मी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीच्या पाठीवरची हळद काढून वेळ मारून नेली आणि तो फोटो सुमार होता, म्हणून पाठवत नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला फोटो दसऱ्याच्या आठवड्यातला आहे. शब्द होता ‘ओझे’. पहिले सुचले ते अर्थातच कळमन्याच्या बाजारातले हमाल, तेव्हा पोटनियमाप्रमाणे ते बाद झाले. बाबा, दसऱ्याला तुमची स्टेशनवरची ड्युटी असायची, जादा गाड्या सुटायच्या आणि तुम्ही घरी येऊन सांगायचा की उतरणारे लोक रिकाम्या पिशव्या घेऊन येतात आणि परतताना भरून नेतात. ते वाक्य आठवले म्हणून मी दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या दसऱ्याला, बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून लोक येतात, आणि परत जाताना पुस्तके घेऊन जातात. स्तूपाचा फोटो मी काढला नाही, तो हजारांनी काढला आहे. पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेच्या टोकाशी उभी राहिले आणि बाहेर पडणाऱ्यांचे हात पाहत राहिले. साठीच्या एक बाई कापडी पिशवी डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. पिशवीचा एक बंद तुटलेला होता, त्याला सुतळीची गाठ मारलेली होती, आणि पुस्तकांचे कोपरे कापडातून बाहेर दाबल्यासारखे दिसत होते. मी फोटो काढू का असे विचारले, तेव्हा त्या थांबल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “माझा नको, पुस्तकांचा काढ.” म्हणून फोटोत त्यांचा चेहरा नाही. दोन हात आहेत, गाठ आहे आणि ते कोपरे आहेत. पुस्तके नातवासाठी होती. त्या परभणीहून आल्या होत्या आणि रात्रीच्या गाडीने परत जाणार होत्या.

आई, तुला काळजी वाटते की मी अनोळखी लोकांवर कॅमेरा रोखत फिरते. तसे नाही. जवळून काढायचा असेल तर मी आधी विचारते आणि कोणी नाही म्हटले की पुढे जाते. लहान मुलांचे फोटो त्यांचे आईवडील शेजारी असल्याशिवाय काढत नाही. पहाटे निघते तेव्हा इतवारीतला तो मुलगा किंवा शिक्षक दांपत्य सोबत असते, आणि परतताना तर्री पोहे झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही, त्यामुळे उपाशी राहण्याचाही प्रश्न नाही. नवा कॅमेरा मी घेतलेला नाही. आहे तोच सहा वर्षांचा जुना आहे, त्याची एक लेन्स कडेला धूसर होते आणि ती तशीच चालवते.

आता मुख्य विनंती. सत्तेचाळिसाव्या आठवड्यात शब्द द्यायची पाळी माझी आहे आणि तो शब्द तुम्ही द्यावा अशी माझी इच्छा आहे. दोघांनी वेगवेगळे शब्द कळवा, आपापसांत ठरवू नका, मी त्यांतला एक निवडेन. अट एवढीच की तो शब्द नागपुरातल्या कोणत्याही गल्लीत सापडण्यासारखा असावा आणि त्याचे एकच चित्र डोळ्यांसमोर येणारे नसावे. ‘संत्रे’ असे कळवू नका, नाहीतर बावीसच्या बावीस फोटो संत्र्यांचेच येतील. आईच्या बोलण्यात ‘उरलेसुरले’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो, तसला एखादा चालेल. बाबांनी हवे तर रेल्वेतला द्यावा, परंतु ‘सिग्नल’ नको.

पत्राने कळवणे जमले नाही तर दादाला सांगून मेसेज करायला लावा. फोनवर मात्र सांगू नका. मोज्यांचे पार्सल परवा मिळाले, दोन्ही जोड छान आहेत आणि डिसेंबरच्या थंडीत उपयोगी पडतील, परंतु बाबा, दसऱ्याच्या आठवड्यात मी फोनवर ‘ओझे’ म्हटले होते.

तुमची,
छोटी