कारखान्यातले घर घेताना

संपादक महोदय,

माझी मुलगी अमेरिकेत कारखान्यात बनलेले घर घेण्याच्या विचारात आहे. तिच्यासारख्यांना कळकळीने सांगतो: किमतीआधी ते घर कोणत्या नियमांनी बांधले, हे विचारा. ‘मॅन्युफॅक्चर्ड’ घर कायमच्या पोलादी सांगाड्यावर उभे असते. त्याला १५ जून १९७६ पासूनची ‘हड’ या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची बांधकाम संहिता लागू आहे. ‘मॉड्युलर’ घराचे भाग कारखान्यात बनतात, पण ते पक्क्या पायावर बसते आणि नियम त्या राज्याचे, त्या गावाचे. मॅन्युफॅक्चर्ड घर स्वस्त पडते, हे खरे. मात्र जमीन भाड्याची असेल तर ते बहुधा जंगम, म्हणजे वाहनासारखी हलवता येणारी मालमत्ता ठरते, त्यामुळे कर्ज महाग मिळते आणि जागेचे भाडे कधी वाढेल हे जमीनमालकाच्या हाती राहते. ही गोष्ट विक्रेत्याने आधीच लेखी द्यायला हवी. जमीन स्वतःची असेल तर मी तिला मॉड्युलरच घ्यायला सांगेन.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता