मोठ्या माणसांच्या पॉर्नवर जरा मोठ्या माणसांसारखं बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पॉर्नच्या व्यसनावर अर्धं पान लेख आलाय तो वाचला. बंदी घाला, संस्कार कमी पडतात, मोबाईलने वाटोळं केलं, सगळं आलंय. पण शाळेतली पोरं आणि चाळिशीतली लग्न झालेली माणसं एकाच मापात घातलीत. पोरांचा विषय वेगळा, त्यांच्या हातात हे पडू नये यावर वाद नाहीच. मी लिहितेय मोठ्यांबद्दल, कारण ते माझ्या काउंटरवर येतात. आणि बायकाही बघतात बरं का, लेखात त्यांचा पत्ताच नाही.

माझं तालुक्याच्या गावात मेडिकल आहे. रात्री शटर अर्धं खाली आलं की ठरलेलं गिऱ्हाईक येतं, आधी क्रोसिन मागणार, मग ओआरएसचं एक पाकीट, मग बाजूचा माणूस जाईपर्यंत उगाच खोकल्याच्या बाटल्या बघत बसणार, आणि मग फोनवरचा फोटो पुढे करणार, ही टाईम वाढवायची गोळी आहे का. चिठ्ठी नसते. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रात असतं ते औषध, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि छातीत दुखतं म्हणून नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर बीपी धाडकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं, हे सांगितलं की बाई फार शहाणी आहे असं तोंड करून जातात. थोडं बोलते केलं तर कळतं की बऱ्याच जणांना आजार वगैरे काही नाही, व्हिडिओत अर्धा तास चालतं आणि आपलं पाच मिनिटांत आटपतं एवढंच दुखणं आहे.

तर त्या पाच मिनिटांचं सांगते. 2005 साली छापून आलेल्या एका अभ्यासात नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्की, अमेरिका इथल्या 500 जोडप्यांनी चक्क स्टॉपवॉच लावून प्रत्यक्ष संबंधाची वेळ मोजली होती. मधला आकडा निघाला 5.4 मिनिटं. म्हणजे निम्मी जोडपी त्याच्याही आत. आणि व्हिडिओतला अर्धा तास हा कापून जोडलेला असतो, मध्ये ब्रेक असतात, कधी गोळ्या नाहीतर इंजेक्शनं असतात, माणसं मापं बघून निवडलेली, आणि ओरडणं हा तर कामाचाच भाग. टीव्हीवरची डब्ल्यूडब्ल्यूईची लुटुपुटुची कुस्ती बघायला मजा येते म्हणून कोणी तसले डाव घेऊन कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत उतरत नाही. इथे मात्र उतरतात, आणि हरलो म्हणून माझ्याकडे येतात.

बघावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. घरात एकट्याने बघणं हा मोठ्या माणसासाठी आपल्याकडे गुन्हा नाही, पण पाठवणं आणि अपलोड करणं हा आयटी ॲक्टखाली गुन्हा आहे. लहान मुलांचं काही असेल तर ते बघणं आणि फोनमध्ये ठेवणंसुद्धा गुन्हा, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय. कोणाची तरी लीक झालेली क्लिप ग्रुपवर आली की ती बघायचीच नाही, पुढे ढकलायची तर नाहीच, त्या बाईला कोणी विचारलेलं नसतं.

आता व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याचा विकार आहे, पण तो दारू-जुगाराच्या गटात ठेवलेला नाही. सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलाय, कामधंदा, घर, तब्येत सगळ्याची वाट लागतेय, मजाही येत नाही तरी थांबता येत नाही, असं असेल तर डॉक्टरकडे जायचं, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन 14416 पण आहे. नुसतं आपण पाप करतोय म्हणून मन खात राहतं तेवढ्यावर हे निदान करू नये, असंही तिथे लिहिलंय. तुमच्या लेखातलं व्यसन बरंचसं या दुसऱ्या प्रकारचं वाटलं मला.

एक ओळखीच्या ताई नवऱ्याच्या फोनमध्ये असलं काही सापडलं म्हणून दुकानात येऊन रडल्या, मी जाड झाले म्हणून बघतात का हो, असं विचारत होत्या. बघण्यापेक्षा लपवण्याने जास्त लागलं होतं त्यांना. नवऱ्याशीच बोला म्हटलं, दुसरं काय सांगणार.

आणि साहेब, ज्या दिवशी हा लेख आला त्याच अंकात पान सातवर ताकदीचं तेल, जोश कॅप्सूल, फोन करा गुप्तता पाळली जाईल, अशा चार जाहिराती आहेत. लैंगिक क्षमता वाढवतो म्हणून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, ड्रग्स अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट. पुरवणीत घाबरवायचं आणि आतल्या पानावर तेल विकायचं, हे कसं चालतं? संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे 1927 पासून समाजस्वास्थ्य मासिक काढत होते, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते, त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आज तुमच्यावर कोण खटला भरणार आहे?

त्या चार जाहिरातींची जागा आठवड्यातून एकदा एखाद्या चांगल्या डॉक्टरला द्या, प्रश्नोत्तरांसाठी. सुरुवातीला प्रश्न कमी पडले तर कळवा, काउंटरवरचे मी पाठवते, नावं सोडून.

– एक औषध विक्रेती, सोलापूर जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती, रात्रीचं गिऱ्हाईक यायचं बंद होईल.)