व्हिसेऱ्याची बाटली आमच्याकडे येण्याआधीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘व्हिसेरा अहवाल निगेटिव्ह, विषप्रयोगाचा संशय फोल’ अशा धर्तीची बातमी नुकतीच आपल्या अंकात वाचली. (व्हिसेरा म्हणजे शवविच्छेदनात विषाच्या तपासणीसाठी काढून ठेवलेले पोटातले अवयव.) असे मथळे सगळीच वर्तमानपत्रे देतात, तेव्हा तक्रार एकट्या आपल्याबद्दल नाही. पण नोकरीची बहुतेक वर्षे मी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात काढली. त्या मथळ्याचा दुसरा भाग आमच्या अहवालात कधीच नसतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या अहवालाचे वाक्य ठरलेले आहे: सामान्य व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत मुद्देमाल क्रमांक अमुक व तमुक यांत कोणतेही विष आढळून आले नाही. बस. त्या माणसाला विष दिलेच नव्हते, असे आम्ही म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. बाटलीत जे आले, ज्या अवस्थेत आले आणि त्यात आम्ही जे शोधले, तेवढ्यापुरतेच ते वाक्य खरे असते. गंमत म्हणजे नातेवाईकांना तो अहवाल ‘मॅनेज’ केलेला वाटतो आणि आरोपीच्या वकिलाला तो निर्दोषत्वाचा दाखला वाटतो.

बाटली येते कशी, ते सांगते. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन होते. डॉक्टर जठर व त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे असे काढून मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, रक्त वेगळे घेतात, मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत आमचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवतात. बाटल्यांवर लाखेचे सील लागते. मग त्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जातात आणि पुढे कधीतरी एखादा अंमलदार तो खोका मांडीवर घेऊन एसटीने प्रादेशिक प्रयोगशाळेत येतो. ‘कधीतरी’ म्हणजे कधी, हे त्या ठाण्यात किती माणसे आहेत आणि मधे कोणता बंदोबस्त आला यावर ठरते. झाकण सैल असले तर मिठाचे पाणी झिरपून लेबलावरची शाई गेलेली असते. सोबतच्या पत्रात ‘कोणते तरी विषारी औषध प्राशन केल्याने’ एवढी एक ओळ असते. कोणते औषध, घरात कशाचा डबा सापडला, दवाखान्यात किती दिवस होता, काय उपचार झाले, हे रकाने कोरे असतात. मीठ वापरायचे सोडून कुणी फॉर्मॅलिन ओतलेले असेल तर विष वेगळे काढणेच कठीण होऊन बसते.

शेतातले औषध पिऊन तासाभरात गेलेला माणूस आमच्यासाठी तुलनेने सोपा. जठराची बाटली उघडली की रॉकेलसारखा भपकारा येतो, कारण फवारणीच्या बहुतेक द्रव औषधांत तसलेच द्रावक असते. अर्क काढायचा, थिन लेअर क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे घटक वेगळे करण्याच्या, काचेवर ठिपका द्यायचा, ती प्लेट द्रावकाच्या टाकीत उभी करायची, वाळली की रंग उमटवणाऱ्या रसायनाचा स्प्रे मारायचा. ठिपका रंगला की गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रावर खात्री करायची. काचेवरच्या या फवाऱ्यांसाठी नवी अभिकर्मके (रसायने) शोधून आपल्या राज्याच्या प्रयोगशाळेतल्या विश्लेषकांनी परदेशी नियतकालिकांत निबंध छापले आहेत, हेही कधी छापा.

पण तोच माणूस आठवडाभर आयसीयूत राहून गेला तर? भरती होताच नळी घालून पोट धुतलेले असते. विष सर्वांत जास्त असते त्या पहिल्या पाण्यात, आणि ते पाणी बेसिनमध्ये जाते. पुढचे दिवस शरीर उरलेले विष मोडत राहते आणि डॉक्टर ॲट्रोपिन हे त्यावरचे औषध देत राहतात, ते त्यांचे कामच आहे. शेवटी आमच्याकडे यकृत येते त्यात कीटकनाशक नसते, ॲट्रोपिन असते. आता ॲट्रोपिन धोत्र्यातही असते. उपचाराचे कागद सोबत नसतील तर एखादा तपासी अधिकारी औषधोपचारातल्या ॲट्रोपिनवरून धोतरा कुणी खायला घातला ते शोधत बसेल!

धान्यातल्या गोळ्यांची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची, गोष्ट आणखी वेगळी. त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि सैल झाकणातून तो निघून जातो. चाचणी साधी आहे, सिल्व्हर नायट्रेटचा कागद काळा पडतो. पण कुजलेल्या व्हिसेऱ्यातला हायड्रोजन सल्फाइडही तो काळा करतो, म्हणून शेजारी हायड्रोजन सल्फाइडने काळा पडणारा, पण फॉस्फिनने न पडणारा लेड ॲसिटेटचा कागद धरावा लागतो. दोन्ही काळे पडले तर घाईने काही बोलायचे नाही. व्हिसेरा ठाण्यात जितका पडून राहील तितकी ही अडचण वाढत जाते.

सगळी विषे एका चाचणीत सापडत नाहीत, हेही लोकांना माहीत नसते. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यातल्या महागावात एकाच कुटुंबातले पाच जण काही दिवसांच्या अंतराने दगावले आणि थॅलियम हा विषारी जड धातू दिल्याचा आरोप ठेवला गेला. थॅलियमला रंग, वास, चव काही नाही. कीटकनाशकांच्या नेहमीच्या चाचण्यांत ते दिसत नाही. जड धातूची शंका कुणीतरी घ्यावी लागते आणि केस मुळासकट, नखेही पाठवावी लागतात.

पुण्यातले दोन जुने खटले आपल्या न्यायालयीन वार्ताहरांनी जरूर वाचावेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये लक्ष्मीबाई कर्वे डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला निघाल्या, बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचल्या आणि तिथेच गेल्या. शवविच्छेदन बऱ्याच दिवसांनी झाले आणि रासायनिक विश्लेषकाला विष सापडले नाही. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावर लागूंना फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, अर्थात तीनपैकी एका न्यायमूर्तींचे मत वेगळे होते. उलट सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिलेल्या सारडा खटल्यात पत्नीचा मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला याबद्दल वाद नव्हता, पण आरोपी पती सुटला. हेतू, विषाने मृत्यू, आरोपीच्या ताब्यात विष असणे आणि ते देण्याची संधी, या चारही गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत असे न्यायालयाने तिथे म्हटले. आमचा अहवाल त्या चारांपैकी एकीपुरता.

अहवालांना होणाऱ्या विलंबावर आपण लिहिता. रिक्त पदे, बंद पडलेली यंत्रे, सगळे खरे आहे, लिहीत राहा. पण उद्या सगळी पदे भरली तरी बेसिनमध्ये गेलेले पाणी आम्हाला परत मिळणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. चांगलीच आहे. मात्र संशयास्पद मृत्यूची नोंद सुरुवातीला ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून होते, गुन्हा म्हणून नव्हे, त्यामुळे ती तरतूद त्या पहिल्या दिवशी लागूच होत नाही. गुन्हा दाखल होईपर्यंत घरातला पेला विसळलेला असतो आणि उलटीचे कपडे धुतलेले असतात.

यात भरडतात ती साधी माणसे. फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. पण त्या फायलीत आमचा अहवाल लागतो. फवारणीत विष कातडीतून आणि श्वासातून जाते, जठरात काहीच नसते, आणि पाच-सहा दिवस उपचार झाले तर अहवाल ‘आढळले नाही’ असाच येण्याचा संभव फार. तिथे भरती होतानाच्या रक्तातली कोलिनेस्टरेजची, म्हणजे अशा कीटकनाशकांनी घटणाऱ्या विकराची (एन्झाइमची), पातळी बोलकी ठरते. म्हणून नातेवाईकांनी रुग्णालयात पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात: पोट धुतलेले पाणी बाटलीत ठेवले का, पहिले रक्त राखले का, आणि केस पेपरची प्रत पोलिसांना दिली का. संकोच करू नये, डॉक्टर रागावले तरी चालेल.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. ‘विष आढळले नाही’ ही बातमी देताना मृत व्यक्ती किती दिवस उपचार घेत होती, व्हिसेरा कोणत्या तारखेला काढला, प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचला आणि पोट धुतलेले पाणी सोबत होते की नाही, एवढे तपासी अधिकाऱ्याला विचारून बातमीत द्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सहायक रासायनिक विश्लेषक
(नाव छापू नये, ही विनंती)