ताई, बिलाच्या मागे काढलेल्या त्या दोन चौकोनांसाठी मनापासून थँक्यू

ताई,

हे पत्र तुम्हाला मागच्या गणपतीतच लिहायचं होतं, पण तेव्हा सगळं नुकतंच सावरत होतं आणि मग राहूनच गेलं. आता वर्ष होत आलं, सिस्टिम नीट चालतीये, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय, कारण तुम्ही आमच्या कंपनीतल्या नव्हतात, तुमचा काही संबंध नव्हता, तरी सणासुदीच्या दिवशी दीड तास बसलात.

चतुर्थीच्या सकाळचं ते दृश्य मी विसरूच शकत नाही. उकडीच्या मोदकांच्या आगाऊ ऑर्डर आमच्या सिस्टिमवर घेतलेल्या, आणि पेठेतल्या त्या दुकानात माणसं मोबाईल पुढे करून उभी, पैसे कटलेत, मेसेज आलाय, आणि किचनच्या स्क्रीनवर ऑर्डरच नाही. एक आजोबा सारखे म्हणत होते, गुरुजी घरी येऊन बसलेत हो, नैवेद्याला काय ठेवू. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बाणेरच्या टपरीवर तुम्हाला भेटलो तेव्हा मी तयारीनिशी आलो होतो, सागा लावू, इव्हेंट सोर्सिंग करू, रीड आणि राइट वेगळं काढू, सिस्टिम रचायचे असे सगळे नावाजलेले पॅटर्न वाचून ठेवलेले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पॅटर्नचं नाव नंतर. आधी सांग, कोडच्या ह्या दोन ओळींच्या मधे सर्व्हर बंद पडला तर काय होतं?" आणि चहाच्या बिलाच्या मागे दोन चौकोन काढलेत, एकात डेटाबेस, एकात काफ्का, म्हणजे एका सर्व्हिसचे मेसेज दुसरीपर्यंत नेणारी सिस्टिम.

तेच झालं होतं. आमचा कोड आधी ऑर्डर पोस्टग्रेसमधे, म्हणजे आमच्या डेटाबेसमधे, कमिट (पक्की सेव्ह) करायचा आणि मग काफ्कावर मेसेज टाकायचा, आणि गर्दी वाढल्यावर पॉड (आमच्या कोडच्या चालत्या प्रती) रीस्टार्ट होत होते, त्यात जे बरोब्बर मधे सापडले त्यांची ऑर्डर सेव्ह झाली पण किचनला कळलंच नाही. मी म्हणालो, काफ्कात २०१७ पासून एक्झॅक्टली वन्स आहे की, म्हणजे मेसेज बरोबर एकदाच धरला जाण्याची हमी. तुम्ही शांतपणे समजावलंत की ती हमी काफ्काच्या आतल्या आत असते, बाहेरचा डेटाबेस त्यात धरलेला नाही. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं असं आजही वाटतं.

मग तुम्ही आउटबॉक्सचा पॅटर्न सांगितलात. डेटाबेसमधे ऑर्डरची ओळ आणि "किचनला कळवायचंय" ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमधे, म्हणजे दोन्ही जातील नाहीतर एकही नाही, आणि एक वेगळा वर्कर (मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) ती दुसरी ओळ उचलून काफ्कावर टाकेल, पोचल्याची पावती आली की मगच खूण करेल. मी लगेच चार वर्कर लावूया म्हणालो, फॉर अपडेट स्किप लॉक्ड वापरून, म्हणजे एकानं धरलेली ओळ सोडून दुसरा पुढची उचलतो, ते पोस्टग्रेसला ९.५ पासून आहेच. तुम्ही विचारलंत, एकाच ऑर्डरचं "घेतली" आणि "रद्द" दोन वर्करांनी उचललं आणि रद्द आधी पोचलं तर? म्हणून आजही आमच्याकडे एकच वर्कर आहे, आणि काफ्काची की (मेसेज कुठल्या रांगेत जाणार हे जिच्यावरून ठरतं ती) म्हणजे ऑर्डर नंबर, म्हणजे एका ऑर्डरचं सगळं एकाच पार्टिशनमधे, एकाच रांगेत, आणि क्रमानं. आमच्या लोडला तो एक पुरून उरतो.

आणि खूण करायच्या आधीच वर्कर पडला तर तोच मेसेज परत जाणार, हेही तुम्हीच दाखवलंत. म्हणून किचनच्या बाजूला इव्हेंट आयडीवर (प्रत्येक मेसेजच्या स्वतःच्या नंबरवर) युनिक कन्स्ट्रेंट टाकला, दुसऱ्यांदा आला की सोडून द्यायचा. हाच उपाय पेमेंटच्या वेबहुकलाही, म्हणजे पैसे आल्याचं पेमेंट गेटवे आम्हाला कळवतं त्या मेसेजलाही, लागू पडला, कारण गेटवे तेच वेबहुक कधीकधी दोनदा पाठवतं.

सागा तुम्ही सरसकट नाही म्हणाला नव्हतात, ते मला फार आवडलं. किचनची कपॅसिटी संपली आणि पैसे आधीच आलेत, तिथे रिफंड ही उलटी पायरी लागतेच, आणि गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ मधे हेच मांडलं होतं, मोठा व्यवहार छोट्या व्यवहारांत तोडायचा आणि प्रत्येकाची भरपाई लिहून ठेवायची. तेवढ्या एकाच ठिकाणी ती लावली. बाकी चार माणसांच्या टीमला सात सर्व्हिसेस (सिस्टिमचे सुटे चालणारे भाग) कशाला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला जरा लागलं होतं, खोटं कशाला बोलू, पण नंतर पाच सर्व्हिसेस एकत्र करून टाकल्या आणि अर्धे नेटवर्क कॉलच गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे रीट्राय आणि टाइमआउटही.

आता टीममधे नवीन काही आलं की पहिला प्रश्न तुमचाच असतो, मधेच पडलं तर काय. नवीन आलेली पोरंसुद्धा आता आपणहून विचारतात.

यंदा बुकिंग सुरू झालंय. आउटबॉक्सच्या आठवड्यापूर्वीच्या ओळी रोज रात्री डिलीट करतोय, त्याऐवजी डेटाबेसमधलं ते टेबलच पार्टिशन करावं, म्हणजे तुकड्यांत वाटावं, का हे तुम्हाला विचारायचंय, पण आधी चतुर्थीला घरी जेवायला या, आईनं मोदक तुम्हाला धरूनच मोजलेत.