आजोबा, तुम्ही मला तुमच्या जागेवर बसवलंत

आजोबा, तुम्हाला मराठी येत नाही आणि माझी गाडी तुमच्या भाषेत "मौरी" (नमस्कार) आणि "को राबा" (आभार) यांच्या पुढे कधी गेली नाही. पण परत येऊन पाच महिने झाले तरी पाण्याचा तांब्या हातात घेतला की तुम्ही आठवता, म्हणून आज लिहायला बसलोच. तुमच्या नातीला इंग्रजीतून वेगळं पाठवतोय, हे मात्र आपल्या लोकांनीही वाचावं असं वाटतं.

इकडच्यांसाठी थोडं सांगतो. किरिबाती लिहितात पण म्हणतात किरिबास, पॅसिफिकमधली ३३ बेटं, बहुतेक सगळी समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं, पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार तोच. जोरात उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर कामातून जाते.

पाण्याच्या कामासाठी आमच्या आधी जे आले त्यांनी नेमकं हेच केलं. दांडगा पंप बसवला, फोटो काढले, टाकीवर भली मोठी पाटी लावली आणि गेले. काही महिन्यांत पाणी मचूळ. २०२२ मध्ये दुष्काळामुळे तुमच्या सरकारने आपत्ती जाहीर केली तेव्हा तो पंप गंजून पडलेला होता आणि तुमच्या नातीने केलेल्या मेलला साधं उत्तरही आलं नव्हतं. मला अजून राग येतो. चूक कोणाच्याही हातून होते हो, पण ज्यांच्या तोंडचं पाणी खारट केलं त्यांना उत्तर तरी द्यायचं ना!

आणि मग आम्ही आलो, तेही पाईप घेऊन येणारं जहाज रखडलेलं, म्हणजे रिकाम्या हाताने. मानेआबातली, म्हणजे गावाच्या सभाघरातली, ती बैठक मी जन्मात विसरणार नाही. छप्पर इतकं खाली उतरलेलं की वाकूनच आत जायचं, आणि आत प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यानपिढ्या ठरलेली, बोटी म्हणतात तिला. मी पाहुण्यांच्या चटईवर. एक तरुण उठला आणि तावातावाने बोलायला लागला, भाषांतर करणारा मुलगा मध्येच गप्प झाला, मग हळूच मला म्हणाला, "ते विचारतायत तुम्ही फोटो कधी काढणार आणि जाणार कधी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. घशाला कोरड पडली होती.

तेव्हा तुम्ही उठलात. गुडघ्यावर हात टेकवत, सावकाश. सगळी सभा ओलांडून आलात, माझं मनगट धरलंत आणि मला तुमच्या जागेवर नेलंत. चटई माझ्याकडे सरकवली, तिच्यावर दोनदा हात थापटला आणि स्वतः अर्धे प्रवाळाच्या खड्यांवर बसलात. त्या खड्यांचे वण तुमच्या पायावर उठलेले मला नंतर दिसले. एवढंच बोललात, "याच्या गावाला पाणी कुठून येतं ते विचारा."

मग मी लातूरचं सांगितलं. २०१६ चा उन्हाळा, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम, आणि मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. बसलेल्यांपैकी बहुतेकांनी रेल्वे कधी पाहिलेली नव्हती, पण आई घागर घेऊन रात्री रांगेत उभी राहायची हे मात्र बायकांना भाषांतर व्हायच्या आधीच कळलं असावं, तशा माना हलल्या. पॅसिफिकचं पाणी तापून एल निनो आला की आमचा पाऊस पळतो आणि तुमच्याकडे धो धो पडतो, ला निनाला बरोब्बर उलटं, हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपण एकाच घागरीतलं पितो."

दुसऱ्या दिवशी तोच तरुण फावडं घेऊन सगळ्यात आधी हजर. पुढचं काम कसं झालं ते लिहीत बसत नाही. आडवा भोकं पाडलेला पाईप, छोटा सोलर पंप, हळू हळू ओढणारा, बास.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अरे, त्यांनी तुला स्वतःच्या पाटावर बसवलं." तिला बरोबर कळलं. पैसे देणारे, सामान देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचेही उपकार आहेतच, पण भर सभेत सगळे विरुद्ध असताना अनोळखी पोराच्या शेजारी जाऊन बसायला वेगळं काळीज लागतं. तुमच्या गावात तुमच्या शब्दाला मान आहे, तो त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पणाला लावलात. मी फसलो असतो तर लोकांनी तुम्हालाच बोल लावला असता.

नात लिहिते की पाणी अजून गोड आहे आणि रोज सकाळी पहिला घोट तुम्ही घेऊन बघता. वॉशर आणि एक जादा पंप तिच्या नावाने पाठवलाय, पुढच्या बोटीने येईल. फोटो नको म्हणावं, नुसतं "पोचलं" लिही.

को राबा, आजोबा.