चिऊ, व्हिएन्नाच्या प्लॅनमधला एक दिवस सेमरिंगला ठेव

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला ऑस्ट्रियाचा प्लॅन नीट बघितला, आईलाही वाचून दाखवला. व्याहीबुवा आणि विहीणबाई पहिल्यांदाच तुमच्याकडे येतायत, तर त्यांना सगळं दाखवायची तुझी धडपड कळते मला, पण साल्झबुर्गहून हालश्टाटला जाऊन यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे व्हिएन्नाची गाडी पकडायची म्हणजे दोघांची नुसती पळापळ होणार गं. आईचं पण हेच म्हणणं पडलं. माझं ऐक, हालश्टाट या वेळी राहू दे आणि तो दिवस सेमरिंगला, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या जुन्या घाट-रेल्वेला दे.

हालश्टाट वाईट आहे असं अजिबात नाही हं. आठशेच्या आत वस्तीचं गाव, मागे मिठाची हजारो वर्षांची जुनी खाण, स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या, मधे होडीने जायचं, सगळं सुंदरच. पण सीझनमधे तिथे इतकी माणसं असतात की शांतपणे टेकायला जागा मिळत नाही आणि विहीणबाईंचे गुडघे तुला माहितीच आहेत.

साल्झबुर्गला मोझार्टचं जन्मघर गेट्रायडेगासं ९ नंबरला आहे ते बघा, किल्ल्यावर चढून जाऊ नका, वर जायला दोरखंडाची रेल्वे आहे ती घ्या. १०७७ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे, वरून नदी आणि जुनं गाव दिसतं. एक दिवस पुरे तिथे.

व्हिएन्नात श्टेफान्सडोम म्हणजे मधलं मोठं चर्च, त्याच्या दक्षिणेकडच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तिकडे तू आणि जावईबापू जा, व्याहीबुवा-विहीणबाईंना उत्तरेकडच्या मनोऱ्यात ने, तिथे लिफ्ट आहे आणि पुमरिन नावाची प्रचंड घंटा पण तिथेच आहे. ही घंटा १७११ साली ओतली तेव्हा १६८३ च्या वेढ्यात तुर्कांच्या ज्या तोफा हाती लागल्या होत्या त्यांचा धातू वापरला होता. १६८३ म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचा काळ, व्याहीबुवांना इतिहासाचं वेड आहे तर त्यांना हे आवर्जून सांग. १९४५ च्या आगीत ती घंटा पडून फुटली, मग त्याच धातूतून आत्ताची केली. शोनब्रुन राजवाड्याचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढून ठेव, आत १४४१ खोल्या आहेत पण दाखवतात थोड्याच, आणि बाग फुकट आहे, तिथे मनसोक्त बसा. दुपारी एखाद्या जुन्या कॉफीहाउसमधे मेलांज, म्हणजे तिथली दुधाची कॉफी मागवा, सोबत ट्रेमधे पाण्याचा ग्लास येतो आणि एका कपावर कितीही वेळ बसलं तरी कोणी उठवत नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी याहून चांगली सोय नाही. विहीणबाई शाकाहारी, त्यांना कायझरश्मारन दे, जाडसर गोड धिरडं तोडून वर साखर भुरभुरवतात, बरोबर आलुबुखारचा शिजवलेला गर. फक्त त्यात अंडं असतं तेवढं आधी विचारून घे.

आता सेमरिंग. मी आयुष्यभर कर्जत-लोणावळा घाटात गार्डची ड्युटी केली, तू लहान असताना कर्जतला बँकर, म्हणजे घाट चढायला गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लागायची तेव्हा खिडकीतून मान बाहेर काढून इंजिनं मोजायचीस, म्हणून तुला लिहितोय, दुसऱ्या कोणाला एवढं लिहिलं नसतं. आपला भोर घाट १८६३ ला सुरू झाला. सेमरिंगची लाइन त्याच्या नऊ वर्षं आधी, १८५४ ला. ग्लॉग्नित्स ते म्युर्त्सझुशलाग ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल, आणि चढ जवळजवळ १ इन ४०, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपला १ इन ३७, म्हणजे भावंडंच. काम १८४८ ला सुरू झालं तेव्हा एवढा चढ ओढेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं! लाइन बांधणारा कार्ल फॉन गेगा, व्हेनिसमधे जन्मलेला इंजिनिअर, अमेरिकेत जाऊन तिथल्या रेल्वे बघून आलेला, त्याने सांगितलं की तुम्ही लाइन बांधा, इंजिन येईल. आणि १८५१ ला त्याच चढावर इंजिनांची स्पर्धा घेतली, चार इंजिनं उतरली, चारही वर चढली पण रोजच्या कामाला एकही धड नव्हतं, मग त्यातून शिकून एंगर्ट नावाच्या इंजिनिअरने नवीन इंजिन काढलं. अजून लाइन पुरी व्हायची होती आणि या माणसाला एवढा विश्वास, मला हे फार मोठं वाटतं. डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं, सगळे बोगदे साध्या दारूने आणि हाताने फोडलेत, भोर घाटातही तसंच. टायफस आणि कॉलऱ्याने शेकडो कामगार गेले तिथे, आपल्या घाटात तर हजारो, आणि त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आम्ही गेलो तेव्हा कालटं रिनं नावाच्या पुलासमोरच्या टेकडीवर बसलो होतो. दुमजली दगडी पूल आहे, खाली पाच कमानी आणि वर दहा, उंची ४६ मीटर, आणि सरळ नाही तर वळणावर बांधलेला. ऑस्ट्रियाच्या जुन्या २० शिलिंगच्या नोटेवर हे दृश्य होतं, म्हणून त्या जागेला आजही वीस शिलिंगचा पॉइंट म्हणतात. खालून लाकडांची मालगाडी आली, अगदी सावकाश, एकेक डबा पुलावर वळताना दिसत होता, मी आईला म्हटलं थांब, शेवट बघू, आणि शेवटी मागून ढकलणारं इंजिन! बँकर! ग्लॉग्नित्सला लावतात, वर सेमरिंगला काढतात, डिट्टो आपल्यासारखं. आई म्हणाली तुमचा चेहरा बघायला हवा होता. खरंच चिऊ, इतक्या लांब परक्या मुलखात माझं रोजचं काम समोर चाललेलं दिसलं, त्याचं मोल मला कुठल्याच राजवाड्यापेक्षा जास्त आहे.

आणि लवकर जा असं सांगतोय त्याला कारण आहे. डोंगराखालून २७ किलोमीटरचा नवीन बोगदा बांधतायत, २०१२ पासून काम चालू आहे. तो झाला की लांबच्या फास्ट गाड्या खालून निघून जातील. जुनी लाइन राहील, पण मालगाड्यांची ही रांग वर अशी दिसणार नाही.

जायचं कसं ते लिहितो. आम्ही गेलो तेव्हा आइनफाख-राउस नावाचं तिकीट होतं, दोन ते पाच माणसांना मिळून एकच, दिवसभर चालायचं, पण फक्त साध्या गाड्यांना, रेलजेट या फास्ट गाडीला नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच; तुम्ही चौघं आहात तर ते आता मिळतं का ते आधी बघून घे. पायरबाख-रायखनाउला गाडी बदलावी लागते, वेळ आदल्या रात्री बघून ठेव. त्या पॉइंटची वाट चढउताराची आहे, विहीणबाईंना नेऊ नकोस, त्यांना सेमरिंग स्टेशनवरच बसव, तिथे गेगाचं स्मारक आहे आणि हवा छान गार असते. तुम्ही दोघं जाऊन या. मग चौघं मिळून पुढे म्युर्त्सझुशलागला उतरा, जुन्या इंजिनशेडमधे रेल्वेचं म्युझियम आहे, ट्रॅक तपासायच्या ट्रॉल्या एवढ्या एका जागी मी आधी कुठे पाहिल्या नव्हत्या. व्याहीबुवा बोअर होणार नाहीत, ते पीडब्ल्यूडीत होते.

बाटल्या विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला याच बाजूच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी येतं, १८७३ ला पाइपलाइन घातली, पंप न लावता नुसत्या उताराने येतं ते पाणी. रस्त्यात जागोजागी नळ आहेत, तिथे भरून घ्या.

गरम कपडे ठेव, व्हिएन्नात ऊन असलं तरी वर गारठा असतो. तारखा पक्क्या झाल्या की आईला फोन कर, तिला विहीणबाईंबरोबर मेतकूट आणि भाजणी पाठवायची आहे आणि त्या निघायच्या आधी ते पार्सल पुण्याला पोचवावं लागेल.

तुझा,
बाबा