नाव न सांगता वह्या-दप्तरं देऊन गेलेल्यांनो, लय आभार!

सप्टेंबर 2025 च्या पुरात सीना नदीचं पाणी धाराशिवच्या परंडा तालुक्यात घराघरात घुसलं तेव्हा लोकांनी जीव आन् जनावरं वाचवली, दप्तराकडं कोण बघतंय, बालभारतीची पुस्तकं तर भिजून अशी फुगली की वाळवल्यावर पानं पापडावानी कडक. आम्ही ग्रुपवर नुसतं "पोरांना वह्या पाहिजेत" एवढंच टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीतून दोन पोती उतरली, पाठवणाऱ्याचं नाव नाही गाव नाही, कंडक्टर म्हणला "पोरांचं आहे म्हणं, भाडं दिलंय." आत दोनशे पानी वह्या, कंपासपेट्या आन् प्रत्येक पेटीत पेन्सिल टोक करून ठेवलेली! एवढं कोण करतं हो? एकानं जुन्या डायऱ्या पाठवल्या, त्याबी आल्या कामाला, गणितं सोडवायला. तिसरीतली एक पोरगी नव्या वहीचा वास घेत बसली, लिहीचना, म्हणली खराब होईल की. ताई असा, दादा असा, ज्यांनी कुणी दिलं त्यांना मनापासून थँक्यू. बूट-चपला मात्र अजून कमी पडतायत, लहान नंबरचे कुणाकडं पडून असतील तर कळवा, घ्यायला आम्हीच येतो.